रिव्हरवरचा मोठा बेट: छोट्या टेबलावर ब्लफ कसा ओळखायचा आणि कॉल कधी करायचा

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर पोकरची जी स्वस्तातली टेबलं असतात, समजा १००-२०० ब्लाइंडची (ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायची रक्कम), तिथे ब्लफ आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच कमी होतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. टीव्हीवर पोकर बघून आलेला माणूस प्रत्येक मोठ्या बेटमागे थाप शोधतो आणि रात्री दोन वाजता एटीएम कुठे आहे ते विचारत फिरतो.

ब्लफ कमी का होतात, तर टेबलावर बसलेली माणसं बघा. शनिवार-रविवारसाठी पुण्या-मुंबईहून आलेले मित्र, दिवाळीच्या तीन पत्तीवर तयार झालेले व्यापारी, कंपनीच्या सहलीतून निसटलेले दोघे-तिघे. हे लोक पानं टाकून द्यायला आलेले नसतात, खेळायला आलेले असतात. त्यामुळे ते भरपूर कॉल करतात, म्हणजे समोरच्याएवढे पैसे लावून डावात राहतात. आणि समोरचे चार जण सगळं बघायला तयार असताना ब्लफ मारण्यात अर्थ नाही, हे त्यांना आपोआप कळतं. हाती काही नसेल तर चेक (पैसे न लावता पुढे), बरं असेल तर कॉल, भक्कम असेल तरच पैसे पुढे. बहुतेकांचा खेळ एवढाच असतो.

गेल्या काही काळात यात एक भर पडली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यामुळे ॲपवर खेळणाऱ्यांतले काही जण आता लाइव्ह टेबलावर दिसतात. त्यांचा खेळ वेगळा असतो, त्यांच्याकडे पुढे येऊ. आणखी दोन गोष्टी माहीत असू द्या. गोव्याच्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून तिथे खेळायला मनाई आहे. महाराष्ट्रात पैशांवर डाव मांडायला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आडवा येतो, त्यामुळे फार्महाऊसवरच्या 'खासगी गेम'चं आमंत्रण आलं तर ते कोणत्या हिशोबात बसतं याचा विचार आधी करा.

टेक्सस होल्डेमचे नियम तुम्हाला येतात असं धरून चालतो. फक्त शब्दांची उजळणी: बोर्डवर उघडी पडणारी पहिली तीन पानं म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं आणि शेवटचं रिव्हर, आणि यातला प्रत्येक टप्पा म्हणजे एक रस्ता. फोल्ड म्हणजे पानं टाकणं, रेज म्हणजे बेट वाढवणं, पॉट म्हणजे मधे जमलेले पैसे.

आधी भाव काढा

समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी एक भागाकार करायचा. मला कॉल करायला किती लागतात, आणि कॉल केल्यावर पॉट एकूण किती होतो? पहिल्याला दुसऱ्याने भागलं की आपण किती वेळा बरोबर असायला हवं ते कळतं.

पॉटमध्ये ६,००० आहेत आणि समोरच्याने ३,००० लावले. तुमचे ३,००० धरून पॉट १२,००० होईल. तीन भागिले बारा, म्हणजे २५ टक्के. चारातून एकदा जरी तो थाप मारत असेल तरी तुमचं नुकसान नाही. त्याने पॉटएवढेच ६,००० लावले तर ६ भागिले १८, म्हणजे ३३ टक्के. पॉटच्या एक तृतीयांश लावले तर २० टक्के पुरतात. पॉटच्या दुप्पट लावले तर ४० टक्के लागतात.

हे चार आकडे पाठच करून टाका: तृतीयांशाला २०, अर्ध्याला २५, पूर्णला ३३, दुपटीला ४०. टेबलावर गणित करायला वेळ मिळत नाही असं नाही, पण समोर दहा-बारा हजारांच्या चिप्स सरकल्या की साधा भागाकारही सुचत नाही. बेट किती आहे हे डीलरला विचारा, तो मोजून सांगतो. पॉट मात्र पहिल्या पानापासून आपणच मनात धरून चालायचं.

यातून एक गोष्ट लगेच सुटते. 'तो ब्लफ करतोय का?' याचं हो-नाही उत्तर तुम्हाला लागतच नाही. अर्ध्या पॉटच्या बेटला तुम्ही चारातले तीन कॉल हरलात तरी बरोबरीत असता. तीनदा हरल्यावर 'आपलं वाचन चुकतंय' म्हणून चौथ्यांदा फोल्ड करणारे लोक नेमके तिथेच पैसे सोडतात.

पानं टाकली की मोबाइल खिशात

माहिती गोळा करायची वेळ असते ती आपण डावात नसताना. नऊ जणांच्या टेबलावर नीट खेळणारा माणूस बहुतेक डावांत सुरुवातीलाच फोल्ड करतो. तो सगळा वेळ रील बघण्यात घालवायचा की टेबल बघण्यात, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जो रील बघतो त्याने नंतर 'या माणसाचं काही कळतच नाही' म्हणू नये.

काय बघायचं? सगळ्यात आधी शोडाऊन. पानं उलटली की डाव मनात मागे फिरवायचा. ही पानं घेऊन त्याने सुरुवातीला रेज केलं होतं की नुसतं लिंप, म्हणजे बिग ब्लाइंडएवढेच भरून आत येणं? फ्लॉपवर किती लावले? टर्नला का थांबला? एका उघड्या झालेल्या डावातून जे कळतं ते तासभर चेहरा न्याहाळून कळत नाही. कोणाकडे एक्का-राजा असताना त्याने लिंप केलं होतं असं दिसलं, तर पुढे त्याच्या लिंपला कमी लेखायचं नाही.

दुसरं, बेटचा आकार. छोट्या टेबलावर लोक आकार लपवत नाहीत, आणि माझ्या मते तिथे मिळणारी ही सगळ्यात भरवशाची माहिती आहे. नेहमी अर्धा पॉट लावणाऱ्याने एकदम पूर्ण पॉट लावला तर काहीतरी बदललं आहे. काय बदललं ते मागच्या शोडाऊनवरून ठरतं: काहींचा मोठा बेट म्हणजे 'आता मिळालं', काहींचा म्हणजे 'कृपा करून फोल्ड कर'. कोण कुठल्या गटातला, ते एकदा दिसलं की सहसा बदलत नाही.

तिसरं, हुकलेल्या ड्रॉचं तो काय करतो. फ्लश किंवा स्ट्रेटची वाट बघत दोन बेट कॉल केले आणि रिव्हरला काहीच आलं नाही, अशा वेळी चेक करून सोडून देणारे पुष्कळ असतात. तिथे पैसे लावणारे थोडे. ब्लफ पकडायचा तर या थोड्यांचाच. त्यांना ओळखायची सोपी खूण म्हणजे, ब्लफ यशस्वी झाला की पानं दाखवायची त्यांना भारी हौस असते. हसत हसत सत्ती-दुर्री टेबलावर आपटणारा माणूस तुम्हाला फुकट माहिती देतो आहे. हे लक्षात ठेवा, आणि चेहऱ्यावर काही दाखवू नका.

टेबलावरची माणसं

पन्नाशीपुढचे, शांत, चिप्सचे नीट मनोरे रचून बसलेले काका. तासात दोन-तीन डाव खेळतात. त्यांनी टर्नला किंवा रिव्हरला रेज केलं तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकून द्या. यांचा ब्लफ पकडायला जायचंच नाही. वर्षातून कधीतरी मारतात, तो मारू द्यावा.

तीन पत्तीवाला. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे पोकर खेळाडू याच वाटेने येतात. तीन पत्तीत ब्लाइंड चाल म्हणजे मर्दुमकी, पॅक होणं म्हणजे माघार, आणि पैसे भरून शो मागता येतो. ती सवय घेऊन माणूस पोकरला बसला की दोन गोष्टी होतात. एक, तो 'बघायला' म्हणून कॉल करतो, त्यामुळे त्याच्यावर ब्लफ चालत नाही. दोन, कधीकधी पानं न बघताच रेज मारतो किंवा जिद्दीने दणादण लावत सुटतो. हे दणके शक्यतो फ्लॉपच्या आधी आणि फ्लॉपवर येतात. रिव्हरपर्यंत पोचेस्तोवर त्याचाही जोर ओसरतो. म्हणून त्याचा ब्लफ लवकरच्या रस्त्यावर पकडायचा, साध्या जोडीनेही. रिव्हरला त्याने स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) पुढे केला तर पुन्हा एकदा विचार करायचा.

ॲपवरून आलेला पोरगा. हेडफोन, हुडी, मोजून-मापून बेट. हा खरंच ब्लफ करतो, ठरवून करतो, आणि तुम्ही फोल्ड करू शकता असं त्याला वाटलं तरच करतो. त्याच्यापुढे तुमची प्रतिमा काय आहे ते महत्त्वाचं. तुम्ही मघापासून एकही डाव खेळला नसाल तर तो तुमच्यावर जोर लावणार. पण 'मोठा तर्क' लढवून तुम्ही त्याच्याशी कुस्ती खेळावी असं मला वाटत नाही. एकच पोरगा असेल तर त्याला टाळा. टेबलावर पाच-सहा असतील तर टेबल बदला.

आणि वसुलीला बसलेला. संध्याकाळपासून हरलेला, तिसऱ्यांदा चिप्स घेतलेला, वेटरला वारंवार हाका मारणारा. जहाजावर प्रवेशाच्या पॅकेजात खाणंपिणं आलेलं असतं, त्यामुळे बारानंतर याची संख्या वाढते. छोट्या टेबलावर खरे ब्लफ मिळतात ते जास्त करून याच्याकडून. पण तो हरल्यावर कसा वागतो ते आधी एकदा दिसायला हवं. काही जण हरल्यावर उलट गप्प होतात आणि पक्की पानं येईपर्यंत हलत नाहीत.

डावाची गोष्ट उलगडा

रिव्हरला बेट आला की सुरुवातीपासूनचा घटनाक्रम तपासायचा. त्याच्याकडे जे आहे असं तो दाखवतोय, ते खरंच असतं तर प्रत्येक रस्त्यावर तो असाच खेळला असता का?

एक डाव सविस्तर घेऊ. १००-२०० चं टेबल. तुम्ही बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणारी जागा), हातात किलवर एक्का आणि चौकट गुलाम. मधल्या जागेवरून एकाने लिंप केलं. तुम्ही १,००० ला रेज केलं. बिग ब्लाइंड आणि लिंपवाला दोघांनी कॉल केलं. स्मॉल ब्लाइंडचे १०० धरून पॉट ३,१००.

फ्लॉप: इस्पिक गुलाम, इस्पिक सत्ती, बदाम दुर्री. दोघांचा चेक. तुम्ही २,००० लावले. बिग ब्लाइंड फोल्ड, लिंपवाल्याचा कॉल. पॉट ७,१००.

टर्न: चौकट चव्वी. त्याचा चेक, तुमचाही चेक.

रिव्हर: किलवर दुर्री. आता तो स्वतःहून ५,००० लावतो.

भाव: ५,००० भागिले १७,१००, म्हणजे सुमारे २९ टक्के.

आता गोष्ट. तुम्ही टर्नला चेक केलंत, म्हणजे अशक्तपणा दाखवलात. त्याला बेट करण्याचं निमित्त मिळालं. फ्लॉपवर इस्पिकची दोन पानं होती, तिसरं आलंच नाही. ब्लफला जागा आहे. पण जागा असणं वेगळं आणि त्याने ती वापरणं वेगळं, म्हणून मोजायचं.

तुम्हाला हरवणारे हात कोणते? सत्तीची जोडी: एक सत्ती बोर्डवर, उरलेल्या तीन, त्यातून जोडीचे तीन कॉम्बो, म्हणजे पानांच्या तीन शक्य जुळण्या. चव्वीच्या जोडीचे तसेच तीन. दुर्रीच्या जोडीचा एक. एकाच रंगातले एक्का-दुर्री, दोन. एकाच रंगातले गुलाम-सत्ती, दोन. एकूण अकरा. एक्क्यांची किंवा राजांची जोडी धरली नाही, कारण ती असती तर त्याने आधीच रेज केलं असतं. लिंप करून दबा धरणारा असेल तर त्याने तसं पूर्वी दाखवलेलं असेल, ते तुम्ही बघितलेलं असायला हवं.

हुकलेले इस्पिक? लिंप करून कॉल करावा अशी पानं: एक्का-दश्शी, एक्का-नव्वी, एक्का-अठ्ठी, एक्का-छक्की, एक्का-पंजी, एक्का-तिर्री, हे सहा. राजाबरोबर राणी, दश्शी, नव्वी, हे तीन. राणीबरोबर दश्शी, नव्वी, हे दोन. दश्शी-नव्वी, दश्शी-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी, आणि खालचे अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी, हे पाच. एकूण सोळा.

२९ टक्क्यांसाठी अकरा खऱ्या हातांसमोर जवळपास पाच ब्लफ लागतात. म्हणजे प्रश्न असा उरतो: हा माणूस हुकलेल्या सोळा ड्रॉपैकी पाच तरी पैसे लावून खेळतो का? काका असतील तर एकही नाही, फोल्ड. वसुलीवाला असेल तर आठ-दहा, कॉल. मधला कोणी असेल आणि त्याच्याबद्दल काहीच माहीत नसेल, तर इथे काठावरचा निर्णय आहे आणि तो कसाही घेतला तरी फार फरक पडत नाही. खूप वेळ घेऊन कपाळाला आठ्या घालण्यासारखा डाव तो नाहीच.

आता यात एकच पान बदला. किलवर एक्क्याऐवजी तुमच्या हातात इस्पिक एक्का आहे. वरवर बघता हात तोच. पण त्याच्या सोळा हुकलेल्या हातांपैकी एक्क्याचे सहाही हात आता शक्यच नाहीत, कारण तो एक्का तुमच्याकडे आहे. उरले दहा. हरवणाऱ्यांतला फक्त एक कमी झाला. म्हणजे दहापैकी चार-पाच ब्लफ लागणार, जवळपास निम्मे. त्याच्या हुकलेल्या ड्रॉचं पान आपल्या हातात असेल तर कॉल बिघडतो. पुष्कळ जणांना हे उलटं वाटतं. इस्पिक एक्का हातात बघून त्यांना बळ येतं.

टेबलावर एवढं सगळं मोजता येत नाही, हे खरं. घरी बसून असे डाव मोजा. चार-पाच प्रकारचे बोर्ड मोजून झाले की अंदाज बसतो, आणि टेबलावर 'खरे हात जास्त की हुकलेले' एवढं पटकन कळू लागतं.

हात बघा, तोंड नको

शेवटी अंगावरच्या खुणा, पोकरच्या भाषेत टेल. मुद्दाम इतक्या खाली ठेवल्या आहेत. भाव आणि गोष्ट यांनी निर्णय काठावर आणून सोडला असेल, तरच खुणांना वजन द्यायचं. एरवी खुणा बघून मोठा कॉल करणं म्हणजे आपल्याला हवं तेच बघणं.

२०१३ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि खेळाडूची पानं किती चांगली असतील ते विचारलं. ज्यांना फक्त चेहरा दिसत होता त्यांना ते ओळखता आलं नाही. ज्यांना फक्त चिप्स पुढे सरकवणारे हात दिसत होते त्यांचे अंदाज नुसत्या नशिबापेक्षा बरे निघाले. चेहरा सगळेच सांभाळतात, हात सांभाळायचं कोणाला सुचत नाही. म्हणून चिप्स सरकवण्याची चाल बघा: सरळ, सैल, एका दमात, की अडखळत.

माझ्या अनुभवात कामाला आलेल्या खुणा थोड्याच आहेत.

चिप्स लावताना हात थरथरतोय. सिनेमात याचा अर्थ भीती. टेबलावर याचा अर्थ बहुतेक वेळा उलटा, मोठा हात लागल्याची खळबळ. फोल्ड करा. मात्र तो हात सकाळपासूनच थरथरत असेल, वयामुळे, दारूमुळे किंवा जहाजावरच्या बर्फाळ एसीमुळे, तर त्याला काही अर्थ नाही. कुठलीही खूण त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्याशीच ताडून बघायची.

बोर्डवर एकाच रंगाचं तिसरं पान आलं आणि त्याने आपली पानं पुन्हा उचलून बघितली. फ्लश पूर्ण झालेला माणूस सहसा बघत नाही, त्याला आपले रंग पाठ असतात. ज्याच्याकडे एक लाल एक काळं आहे, तो 'काळं कुठलं होतं' म्हणून बघतो. पुढे त्याने फ्लश असल्याचा आव आणून लावलं तर कॉलच्या बाजूने हा एक चांगला पुरावा.

तुम्ही चिप्सकडे हात नेताच त्यानेही चिप्स उचलल्या, जणू कॉल करायला तयार. हे तुम्हाला थोपवण्यासाठी असतं. पानं बहुधा साधारण.

सुस्कारा टाकून, 'चला, बघू या' किंवा 'जाऊ दे यार, लावतो' म्हणत मोठा बेट. नाटक आहे, आणि नाटक नेहमी उलट दिशेचं असतं. दुबळेपणाचं नाटक म्हणजे पानं भक्कम. तसंच तुमच्याकडे टक लावून बघणारा बऱ्याचदा कच्चा असतो, आणि टीव्हीवरच्या क्रिकेटकडे नजर लावून बसलेला पक्का.

बोलणं. बेट लावल्यावर मोकळेपणाने गप्पा मारणारा, विनोदावर खरंखुरं हसणारा माणूस बहुतेक निवांत असतो, म्हणजे त्याच्याकडे आहे. ब्लफ मारणारा सहसा गोठतो: श्वास उथळ, पापणी हलत नाही, प्रश्न विचारला तर उत्तर नाही किंवा एका शब्दात. पण दगडासारखा बसलेला माणूस मोठा हात घेऊनही तसाच बसू शकतो, त्यामुळे गोठण्याला मी एकट्याला फार किंमत देत नाही.

झटकन केलेला कॉल बहुधा ड्रॉ किंवा मधली जोडी असतो. मोठा हात असता तर रेज करावं का, याचा क्षणभर तरी विचार झाला असता. हे फ्लॉपवर टिपून ठेवलं की रिव्हरला कामी येतं: झटकन कॉल, झटकन कॉल, ड्रॉ हुकला, आणि आता अचानक मोठा बेट. छोट्या टेबलावरच्या खऱ्या ब्लफचा नमुना हाच.

आणि हो, शेजारी गाववाला भेटला म्हणून चालू डावाबद्दल त्याच्याशी मराठीत कुजबुजायचं नाही. इतरांना कळत नाही अशा भाषेत बोललात तर डीलर टोकेल आणि टेबल तुमच्याकडे संशयाने बघेल, ते रास्तच आहे.

जिथे कॉल करायचाच नाही

रिव्हरवरचा रेज. तुम्ही एक्क्यांची जोडी घेऊन तिन्ही रस्त्यांवर लावत आलात. रिव्हरला १५,००० च्या पॉटमध्ये ८,००० लावले. इतका वेळ नुसता कॉल करणाऱ्याने आता २६,००० केले. तुम्हाला आणखी १८,००० लागतात, पॉट होईल ६७,०००. भाव जेमतेम २७ टक्के. 'एवढा भाव मिळतोय तर बघायलाच हवं' असं म्हणत कॉल करणारे खूप. पण छोट्या टेबलावर दोनदा नुसता कॉल करून रिव्हरला रेजने ब्लफ मारणारा माणूस मला क्वचित भेटला आहे. चारात एक सोडा, त्याच्या जवळपासही नाही. एक्के टाका.

तीन-चार जण डावात असताना आलेला मोठा बेट. एवढ्यांना पळवून लावायची हिंमत कोणी करत नाही.

मागे बोलायला कोणी उरलं असताना. तुमचा कॉल झाला तरी तिसरा माणूस शिल्लक आहे, म्हणजे तुमचा भाव कागदावर दिसतो तेवढा नाही.

आणि ड्रॉ पूर्ण करणाऱ्या पानावर इतका वेळ चेक-कॉल करणाऱ्याने पुढे होऊन केलेला बेट. तिसरं इस्पिक आलं आणि तो जागा झाला. त्याच्याकडे इस्पिक आहेत. खरंच आहेत.

वाचन बरोबर, तरी फोल्ड

२००३ च्या वर्ल्ड सिरीजच्या अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फरहा समोरासमोर होते. बोर्ड: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, म्हणजे रिव्हरला हाती काहीही नाही. त्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. फरहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी, बोर्डवरची सगळ्यात वरची जोडी. फ्लश हुकला असणार, असं फरहा मोठ्याने बोललासुद्धा. आणि मग त्याने पानं टाकली.

समोरच्याकडे काय आहे हे ओळखूनही त्याच्या हातून कॉल झाला नाही. पण त्याला नावं ठेवण्याआधी बोर्ड पुन्हा बघा: इस्पिकची तीन पानं समोर होती, पूर्ण झालेले फ्लश भरपूर शक्य होते, आणि त्याच्या हातातली इस्पिक राणी हुकलेल्या ड्रॉपैकी काही कमी करत होती. वरच्या आपल्या उदाहरणातला इस्पिक एक्का जे करतो तेच. मनात आलेला अंदाज आणि मोजलेला हिशोब वेगवेगळ्या बाजूला ओढत असतील तर मी छोट्या टेबलावर हिशोबाच्या बाजूने जातो. अंतिम लढतीत दोघंच असताना, जिथे ब्लफ मुबलक असतात, तिथे कदाचित उलट करावं.

कॉल करताना आणि नंतर

ठरलं की तोंडाने 'कॉल' म्हणा. बोललेला शब्द बांधील असतो, आणि नुसती एक मोठी चिप टाकली तर तो कॉलच धरला जातो. पुढे वाद नको. कॉल झाल्यावर आधी पानं दाखवायची जबाबदारी बेट लावणाऱ्याची. थांबा. तो 'तुमचं बरोबर' म्हणत पानं सारू लागला तर तुमची दाखवा आणि पॉट घ्या. पॉट हातात येईपर्यंत आपली पानं सोडायची नाहीत.

विचार करायला वेळ घ्या, पण प्रत्येक डावात तोच वेळ घ्या. अवघड डावातच तीन मिनिटं बसलात तर टेबलावरचा जागा माणूस तुमची खूण टिपतो.

ब्लफ पकडलात तर गप्प राहा. 'मला माहीतच होतं' म्हणून हसलात, पानं दोन बोटांनी नाचवलीत, की तो एक तर कायमचा शहाणा होतो किंवा उठून जातो. उठून गेला तर संध्याकाळभर गोळा केलेली त्याची सगळी माहिती फेरीबोटीने त्याच्याबरोबर किनाऱ्याला लागते. 'चांगला लावला होतात, मी जवळजवळ टाकणार होतो' एवढं म्हणा. पुढच्या तासाभरात तो पुन्हा लावेल.

हॉटेलवर परतल्यावर मोबाइलमध्ये प्रत्येक मोठ्या कॉलच्या चार गोष्टी लिहा: समोरचा कोणत्या प्रकारचा, भाव किती टक्के, त्याने काय दाखवलं, आणि आपण कॉल कशामुळे केला. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. त्यात 'त्याचा चेहरा' किंवा 'कंटाळा आला होता' असं वरचेवर यायला लागलं तर पुढच्या वेळी रिव्हरचे कॉल निम्म्यावर आणा, आणि फरक पडतो का ते त्याच यादीत बघा.